सर म्हणायचे, आधी बोलू नका

आमच्या सरांचा विषय निघाला की बुऱ्हाणपुरात लोक आधी हसतात. मीपण हसायची. कॉलेजची दोन वर्षं मी त्यांच्या नकला करून मैत्रिणींना हसवलंय. आता कोणी नक्कल करायला लागलं ना, की माझं डोकं गरम होतं आणि मी उठून जाते. मग लोक विचारतात, तुला काय झालं? काय झालं ते एकदा सगळं सांगूनच टाकते.

सर कॉमर्स शिकवायचे. म्हणजे अजूनही शिकवतात, पण माझ्यासाठी आता 'शिकवायचे'च. मे महिन्यातसुद्धा अंगात हाफ स्वेटर. कोणी विचारलं तर म्हणायचे, ताप्तीवरून वारा येतो. मे महिन्यात ताप्तीवरून जो वारा येतो त्याच्यावर पापड भाजून निघतील, पण सरांना कोण सांगणार. पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास. लग्नात, मीटिंगमध्ये, दवाखान्यात, कुठेही पाणी प्यायचं तर त्याच ग्लासात. आणि शर्टावर कायम केळीच्या चिकाचे काळे डाग. हे डाग कशानेच निघत नाहीत, आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. सरांचे असे सहा-सात शर्ट होते आणि ते डाग दाखवून म्हणायचे, "ही माझी पीएचडी."

कारण सर रोज सकाळी कॉलेजच्या आधी केळीच्या लिलावाला जायचे. त्यांची स्वतःची केळी? एक खांब नाही. वडील पोस्टात होते. पण सकाळी गाड्या लागल्या की सर हात मागे बांधून तिथे हजर. कोण किती बोलतो, कोण कधी बोलतो, कोण गप्प बसून माल नेतो, हे सगळं बघायचे आणि अकरा वाजता वर्गात येऊन तेच शिकवायचे. पुस्तक उघडलेलं मी दोन वर्षांत तीनदा पाहिलं असेल.

आम्हाला नावाने कधी हाक नाही. ज्याच्या घरचा जो धंदा, तेच त्याचं नाव. गौरव जवळच्या बहादरपुर गावचा, घरी केळी, म्हणून तो 'केळी'. एकाच्या घरी लूम चालायचे, तो 'पावरलूम'. माझे पप्पा तहसीलमध्ये क्लार्क, तर मी 'तहसील'. "तहसील, उठ. बाजार म्हणजे काय?" दोन वर्षं मी तहसील होती यार.

आणि त्यांचं ते एक वाक्य. जो पहले बोला, वो गया. लिलावात जो आधी तोंड उघडतो त्याची गरज सगळ्यांना कळते, मग त्याला पिळतात. हे लिलावापुरतं ठीक आहे. पण सरांनी ते सगळ्या आयुष्याला लावलं. वर्गात प्रश्न विचारला आणि कोणी पटकन हात वर केला की, "बैठ जा. तू बिक गया." सगळा वर्ग चिडीचूप झाला पाहिजे, दोन मिनिटं जायला पाहिजेत, मग सर उजवा कान खाजवणार. कान खाजवला की बोलायचं. त्याच्या आधी नाही. एकदा तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी गौरवला विचारलं, मार्केटिंग म्हणजे काय? गौरव गप्प. कारण सर चहा प्यायला बाहेर गेलेले, कानच नाही समोर. परीक्षकांनी तीनदा विचारलं, मग घाबरून पाणी मागवलं, बोलले, "बेटा, तबियत ठीक है ना?" गौरवला सहा मार्क मिळाले आणि सरांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आम्ही हसून हसून पडलो. तेव्हा मजा वाटायची. सवय कशी लागते ते असं हसता हसता कळतच नाही.

मग ती नोटीस लागली. नेदरलँडला दोन आठवड्यांचा बिझनेसचा कोर्स, आमच्या कॉलेजातून आठ मुलं आणि एक शिक्षक. शिक्षक म्हणून सर. त्याआधी ते विमानात कधी बसले नव्हते, पण बाकीच्या शिक्षकांनी नको म्हणायच्या आधीच त्यांनी पासपोर्ट काढून ठेवला होता. एवढं एकच काम त्यांनी दुसऱ्याच्या आधी केलं असेल.

इथे मला त्यांच्याबद्दल चांगलं सांगावंच लागेल, नाहीतर माझा राग खोटा वाटेल. माझे पप्पा 'नाही' कधी म्हणत नाहीत. ते 'बघू' म्हणतात. आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला. सर चार वेळा घरी आले. स्कूटरवर, भर उन्हात, स्वेटर घालून. स्वतःचा ग्लास काढायचे, पाणी प्यायचे आणि पप्पांसमोर नुसते बसायचे. अर्धा अर्धा तास कोणीच काही बोलायचं नाही. आई आतून मला खुणा करायची की हे काय चाललंय. चौथ्या वेळेला पप्पाच कंटाळून बोलले, "सर, पोरीला एकटं एवढं लांब कसं पाठवायचं?" सर लगेच उठून उभे राहिले. "मी शब्द देतो. जशी नेली तशी परत आणतो." पप्पांनी हात जोडले. झालं. मी आत स्वयंपाकघरात आईच्या गळ्यात पडली. त्या दिवशी मला सर देव वाटले, खोटं नाही सांगत.

विमानतळावर सरांच्या बॅगेत दराब्याचे आठ डबे निघाले. रवा-तुपाची ही मिठाई त्या तपासणीवाल्याला काय माहीत, तो डबा उलटसुलट करून बघत राहिला. सर त्याला शुद्ध हिंदीत समजावत होते, "खाके तो देखो, बुरहानपुर का है." तिकडे पोचल्यावरही सर सगळ्यांशी हिंदीतच बोलायचे. बसवाल्याशी, कॅन्टीनवालीशी. ते लोक इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे आणि दोघंही समाधानी.

चौथ्या दिवशी आम्हाला फुलांच्या लिलावाला नेलं. एवढा मोठा हॉल की नजर पोचत नाही, फुलांनी भरलेल्या गाड्या इकडून तिकडे पळतायत आणि आवाज मात्र अजिबात नाही. सर कासावीस झाले. "बोली कौन लगा रहा है? आवाज क्यों नहीं आ रही?" मग तिथल्या मॅडमनी, म्हणजे आमचा कोर्स ज्या सांभाळायच्या त्या उंच बाईंनी, पडद्यावरचं घड्याळ दाखवलं. तिकडे भाव खालून वर चढतच नाही. वरून सुरू होतो आणि काटा खाली खाली येतो. ज्याने आधी बटन दाबलं, त्याचा माल. एकच जण दाबणार आणि संपलं. जो थांबला त्याला काही नाही.

मी गौरवला बोलली, "अरे, हे तर उलटं आहे."

सर मागून बोलले, "उलटं-सुलटं काही नसतं. बाजार बाजार असतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच खेळ. सहा देशांच्या सहा टीम, प्रत्येक टेबलावर एक बटन, समोर पडद्यावर घड्याळ. खरी फुलं आणून ठेवलेली, जो घेईल त्याच्या बादलीत. आमचं बटन कोणी दाबायचं? सर बोलले, "तहसीलकडे द्या. शांत मुलगी आहे, घाई करणार नाही." आणि स्वतः आमच्या मागे खुर्ची टाकून बसले.

काटा खाली यायला लागला. मागून सरांचा आवाज, "गिर रहा है. रुको." मी थांबली. "और गिरेगा. रुको, रुको." टिंग. केनियाच्या टेबलाने गुलाब नेले. दुसरी वेळ. "रुको." टिंग. पोलंड. माझं बोट बटनावर आणि डोळे सरांच्या कानावर. कानाला हात नाही. तिसरी वेळ, चौथी वेळ. आठ वेळा. सगळ्यांच्या बादल्या भरत चाललेल्या, आमच्या बादलीत पाणीसुद्धा नाही. आणि सर खूश. खरंच खूश. "देखा? ये लोग घबरा गए, महंगा ले बैठे." गौरव मान हलवत होता, बाकीचे पण मान हलवत होते. रिकामी बादली समोर ठेवून आम्ही सगळे जिंकल्यासारखे बसलो होतो. दुसऱ्या टेबलावरची मुलं आमच्याकडे बघून काय समजली असतील, मला आजपण आठवलं की कान गरम होतात.

नवव्या वेळेला ट्युलिप आले. बाकीचे कुठे दाबतात ते माझ्या लक्षात आलं होतं. त्याच्या एक घर आधी मी दाबलं. टिंग. इंडिया.

मागे सरांची खुर्ची सरकली. मग सर हळू आवाजात, "किसको पूछ के?"

मी वळून बघितलंच नाही. पुढच्या सात वेळांपैकी चार वेळा फुलं मीच घेतली. आम्ही शेवटून दुसरे आलो, पण बादलीत फुलं होती. उंच मॅडम माझ्या टेबलाशी येऊन वाकल्या आणि विचारलं, कसं ठरवलंस? मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दोन दिवसांनी जेवायच्या सुट्टीत त्या मॅडम आमच्या टेबलावर आल्या. बंदरावर फळं मागवणारी एक कंपनी होती, केळी पिकवायच्या मोठमोठ्या खोल्या असलेली. प्रत्येक कोर्समधून एका विद्यार्थ्याला ती सहा महिने कामावर घ्यायची. कागद तेच लोक तिकडच्या तिकडे करायचे, कोर्स संपला की तिथेच थांबायचं. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, तुला आवडेल?

यार, केळी. बुऱ्हाणपूरच्या मुलीला केळी. मी अर्ध्या सँडविचवरून हात काढला आणि तोंड उघडलं. आणि उघडता उघडता सरांकडे बघितलं. सवयीने. सरांनी माझ्यासमोर पंजा धरला होता. "आय विल टॉक," पहिल्यांदाच इंग्लिशमध्ये मॅडमना बोलले, आणि मला मराठीत, "तू मध्ये बोलू नको. ही मोठ्यांची गोष्ट आहे. मी बघतो."

मी गप्प बसली. अर्धा राग माझा माझ्यावरच आहे तो इथला. भर वर्गात सरांना न विचारता बटन दाबणारी मी, तिथे सँडविच खाल्लं.

आठवडाभर कोणी मला काही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं वाटली आणि मॅडमनी त्या सहा महिन्यांसाठी केनियाच्या मुलीचं नाव घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी चांगली होती, तिच्यावर माझा काही राग नाही. मला वाटलं माझं इंग्लिश कमी पडलं. परतीच्या विमानात मी खिडकीकडे तोंड करून रडत होती, तर शेजारून सरांनी उरलेल्या दराब्याचा डबा पुढे केला. "खा. तोंड का पाडलंस? फिरणं झालं ना?" आणि मी खाल्ला. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते मला दराबा देत होते.

घरी येऊन आठवडा झाला असेल. जेवताना पप्पा सहज बोलले, "तिकडे तुला करमलं नाही वाटतं."

"का? मस्त करमलं."

"मग थांबली का नाही? ते लोक सहा महिने ठेवून घेत होते ना?"

माझ्या हातातला घास हातातच. "पप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सरांचा फोन आला होता तिकडून. बोलले, बेटीला मागून राहिले, काय करायचं? मी म्हटलं, सर, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी बरं म्हटलं आणि ठेवला. नंतर तू आली परत. मला वाटलं तूच नको बोलली."

"तुम्ही हो का नाही म्हटलं?"

"अगं, मास्तर माणूस समोर. त्यांनी तुला नेलं, ते तुझ्यासोबत. त्यांच्याआधी मी कसं हो म्हणणार? बरं दिसतं का ते?" पप्पा खरंच गोंधळले होते. "मी नाही तर म्हटलं नाही ना बेटा. मी पाठवलं असतं."

आई पोळ्या लाटायची थांबली होती. मी ताट सारून उठली आणि गच्चीवर जाऊन उभी राहिली, कारण खाली राहिली असती तर पप्पांना काहीतरी बोलली असती आणि त्यांची तेवढी चूक नव्हती. की होती? मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी मान दिला म्हणून सर बोलले नाहीत, सर बोलले नाहीत म्हणून त्यांनी मान दिला. दोघं एकमेकांची वाट बघत बसले आणि काटा खाली गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेली. सर त्यांच्या ग्लासात चहा पीत होते.

"सर, तुम्ही मॅडमना काय सांगितलं होतं?"

सर थांबले. नेहमीसारखे थांबले, दोन मिनिटं. मी पण हलली नाही. शेवटी बोलले, "फॅमिली तयार नाही, असं सांगितलं."

"पप्पा तर तयार होते."

"ते 'तुम्ही म्हणाल तसं' बोलले. मला 'बघू' कळतं आणि 'तुम्ही म्हणाल तसं' पण कळतं. चार वेळा बसलोय मी त्यांच्यासमोर. ज्या बापाला द्यायचं असतं तो हो म्हणतो."

"आणि मी? मला का नाही विचारलं?"

"मी शब्द दिला होता तुझ्या घरी. जशी नेली तशी आणीन. सहा महिने तिकडे ठेवून आलो असतो तर माझ्या शब्दाचं काय?"

"शब्द माझ्याबद्दल होता ना सर. मग मला एकदा तरी विचारायचं होतं."

सरांनी ग्लास खाली ठेवला. आणि मग ते बोलले, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी शांतपणे, समजावून सांगावं तसं. "तहसील, मला कसं कळणार तुला जायचं होतं? तू तर एक शब्द बोलली नाहीस."

दोन वर्षं ज्यांनी आमच्या तोंडाला कुलूप लावलं, ते विचारत होते तोंड का नाही उघडलं. मी तिथून निघाली, पायऱ्यांवर बसली आणि शंभर उत्तरं सुचली. सगळी तिथेच बसून राहिली माझ्यासोबत.

हे झालं मागच्या वर्षी. यावर्षी पुन्हा तोच कोर्स, पुन्हा सर. माझं कॉलेज संपलंय, मी इथेच एका केळी पाठवणाऱ्या फर्ममध्ये काम करते. गेल्या शनिवारी कॉलेजने फोन केला की नव्या मुलांना आणि पालकांना अनुभव सांगायला या. मी गेली. हॉल भरलेला. आसपासच्या फोपनार, बहादरपुर गावांतले लोक, टोप्या घातलेले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेल्या आया. सर स्टेजवर, स्वेटर घालून.

आणि सर सांगायला लागले. "काळजी करू नका. आमची एक मुलगी होती, तिला तिकडचे लोक सोडायलाच तयार नव्हते. मोठी नोकरी देत होते. पण बुऱ्हाणपूरचे संस्कार बघा. पोरगी जशी गेली तशी परत आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी दुसऱ्या रांगेत बसलेली आणि सगळा हॉल मला न ओळखता माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता.

मी उभी राहिली. सरांचा हात खाली होता, कानाजवळ वगैरे काही नाही. मी बोलली, "ती मुलगी मी आहे. संस्कार-बिंस्कार काही नाही. मला जायचं होतं. मला थांबायचं होतं तिकडे. सरांनी तिकडून पप्पांना फोन केला, पण मला कोणी विचारलंच नाही, पप्पांनी नाही आणि सरांनी पण नाही, आणि मी येड्यासारखी विचारायची वाट बघत बसली."

आवाज फाटला माझा. सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं, मी भांडायच्या तयारीत होती. पण त्याआधीच तिसऱ्या रांगेतून फोपनारची एक मुलगी उठली, मोठा चष्मा, शेजारी तिचे वडील तिचा कुर्ता ओढून खाली बसवतायत. ती बोलली, "सर, तिकडे माझ्याबद्दल काही विचारलं, तर पप्पांना फोन करायच्या आधी मला विचाराल का?"

"बस गं," तिचे वडील बोलले.

"थांबा, विचारू द्या तिला," एक आजोबा मागून बोलले. सर स्टेजवरून खाली उतरले आणि मागच्या दाराने ऑफिसात निघून गेले. कार्यक्रम तिथेच मोडला. प्राचार्यांनी माईकवर चहाची घोषणा केली आणि माझ्याकडे असं बघितलं की यापुढे मला कोणी बोलावणार नाही.

सोमवारी गौरवने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्याची धाकटी बहीण या वर्षीच्या बॅचमध्ये आहे, तिला मिळालेला फॉर्म. तोच मागच्या वर्षीचा छापील फॉर्म. नाव, वडिलांचं नाव, पालकांची संमती, पालकांची सही. आणि सगळ्यात खाली, दोन ओळींच्या मधल्या चिमूटभर जागेत, सरांच्या वाकड्या अक्षरात पेनाने लिहून त्याच्या झेरॉक्स काढलेल्या: छात्र/छात्रा स्वयं जाना चाहते हैं? रुकना चाहते हैं? हाँ / नहीं.

गौरवने खाली लिहिलं होतं, बघ, सर बदलले. आता तरी सोड.

मी तो फोटो मोठा करून करून बघितला. सरांनी मला फोन केला नाही, माफी नाही, काही नाही, फक्त ही ओळ. चांगली ओळ आहे. त्या चष्मेवालीच्या कामी येईल, गौरवच्या बहिणीच्या कामी येईल, मला आनंदच आहे. पण मी गौरवला लिहिलं, नाही सोडत. एक ओळ रे. पेनाने लिहायची एक ओळ, एका मिनिटाचं काम. मागच्या वर्षी लिहिली असती तर ते सहा महिने मी बंदरावर असती.